अखंड सागवान की थरांची फळी? लाकडी जमिनीच्या एका जुन्या वादाचा इतिहास

फ्लोअरिंगच्या कोणत्याही दुकानात दोन फळ्या शेजारीशेजारी मांडलेल्या दिसतात. वरून पाहिले तर दोन्हींत फरक नाही. तोच रंग, त्याच रेषा, तीच चकाकी. फळी उचलून तिची कड पाहिली की भेद उघड होतो. एक फळी आरपार एकाच लाकडाची असते. दुसरीत वर तीन-चार मिलिमीटर उंची लाकूड, खाली आडव्या-उभ्या थरांचे साधे लाकूड, आणि या सर्वांना धरून ठेवणारा डिंक. पहिलीला सॉलिड हार्डवुड म्हणतात, दुसरीला इंजिनिअर्ड वुड. घर सजवणारे कुटुंब या दोन फळ्यांपुढे उभे राहते, तेव्हा बहुधा घरातील ज्येष्ठ म्हणतात, ‘अस्सल ते अस्सल’, आणि विक्रेता म्हणतो, ‘आता सगळे हेच घेतात’. हा वाद दुकानात सुरू झालेला नाही. इजिप्तच्या पिरॅमिडात, फ्रान्सच्या राजवाड्यात, मुंबईच्या गोदीत आणि दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या पंखांत तो वेगवेगळ्या रूपांत लढला गेला आहे.

वादाचे मूळ लाकडाच्या एका स्वभावात आहे. झाड तोडले तरी लाकूड हवेशी व्यवहार करणे सोडत नाही. दमट हवेत ते पाणी घेऊन फुगते, कोरड्या हवेत ते सोडून आकसते. मात्र ते सर्व दिशांना सारखे हलत नाही. तंतूंच्या लांबीच्या दिशेने हा बदल नगण्य असतो. खोडाच्या केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने तो बऱ्यापैकी असतो आणि वार्षिक वलयांच्या कडेने त्याच्या जवळपास दुप्पट. ओले लाकूड पूर्ण वाळवले तर पांढरा ओक वलयांच्या दिशेने सुमारे १०.५ टक्के आकसतो आणि सागवान सुमारे ५.८ टक्के. सागवानाच्या कीर्तीचे अर्धे रहस्य या दोन आकड्यांच्या अंतरात आहे.

घराच्या मापात सांगायचे तर १५० मिलिमीटर रुंदीच्या, सपाट कापलेल्या ओकच्या फळीतील पाण्याचे प्रमाण चार टक्क्यांनी वाढले, तर ती सुमारे दोन मिलिमीटर रुंदावते. सागवानाची फळी सुमारे एक मिलिमीटर. एका फळीचा हिशेब किरकोळ वाटतो. पण तीन मीटर रुंदीच्या खोलीत अशा वीस फळ्या एकमेकींना खेटून बसतात. ओकच्या जमिनीला चार सेंटिमीटरहून अधिक जागा हवी असते, आणि भिंती ती देत नाहीत. मग जमीन मधोमध उचलली जाते. उलट, पावसाळ्यात घट्ट बसवलेली जमीन मे महिन्यापर्यंत फटी दाखवू लागते. लाकडी जमिनीचा सारा इतिहास म्हणजे ही चार सेंटिमीटर कुठे लपवायची याचा शोध आहे.

सर्वांत जुने ज्ञात उत्तर सक्कारा येथे सापडले. इजिप्तच्या तिसऱ्या राजवंशातील राजा जोसेर याच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडाखाली भुयारी दालने आहेत. १९३० च्या दशकात तेथे अलाबास्टरच्या शवपेटीत एका लहान मुलाचे अवशेष आणि लाकडी पेटीचे तुकडे मिळाले. त्या पेटीची भिंत सहा थरांची होती. प्रत्येक थर साधारण चार मिलिमीटर जाडीचा, आणि एका थराचे तंतू उभे तर लगतच्या थराचे आडवे. थर डिंकाने नव्हे, तर बारीक लाकडी खुंट्यांनी जोडलेले होते. पेटी घडवणाऱ्या सुतारांना तत्त्व नेमके उमगले होते. उभ्या तंतूंचा थर रुंदीने फुगू पाहतो, तेव्हा त्याला चिकटलेल्या आडव्या थराची न हलणारी लांबी त्याला अडवते. नाईलच्या खोऱ्यात मोठ्या, सरळ खोडाच्या झाडांचा तुटवडा होता आणि देवदार लेबनॉनहून आणावा लागे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. थरांच्या फळीकडे आज ‘स्वस्तातली नक्कल’ म्हणून पाहिले जाते; तिचा पहिला ज्ञात नमुना मात्र राजाच्या पिरॅमिडात, सुमारे ४६०० वर्षांपूर्वी ठेवला गेला.

दुसरे उत्तर व्हर्सायचे. चौदाव्या लुईच्या या राजवाड्यात आरंभी अनेक दालनांत संगमरवर होता. संगमरवर धुवावा लागे, धुण्याचे पाणी सांध्यांतून झिरपे आणि खालच्या लाकडी तुळया कुजत. १६८४ साली तेथे संगमरवराच्या जागी ओकच्या लाकडाची जमीन घालण्यात आली. पार्के या नावाने ती पुढे जगभर गाजली. तिची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. सुमारे मीटरभर चौरसाची एक चौकट, तिच्या आत तिरप्या पट्ट्यांची गुंफण, पट्ट्यांमध्ये लहान लहान चौकोन, आणि प्रत्येक सांधा कुसू व खाच यांचा, लाकडी खुंटीने पक्का केलेला. लाकूड अस्सल आणि अखंड, पण तुकडे लहान. प्रत्येक तुकडा स्वतःच्या खाचेत केसभर सरकू शकतो आणि लगतच्या तुकड्यांची दिशा वेगळी असल्याने सर्वांचा फुगवटा एकाच भिंतीवर जाऊन आदळत नाही. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. सुताराच्या दृष्टीने ते चार सेंटिमीटरचे शेकडो सांध्यांत केलेले वाटप होते.

या जमिनीची किंमत श्रमात मोजावी लागे आणि ती राजालाच परवडे. सामान्यांच्या घरांत युरोपभर रुंद फळ्या तुळयांवर खिळ्यांनी ठोकलेल्या असत, फटींसकट. १९ व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत फळीच्या एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला खाच पाडणारी यंत्रे आली, तेव्हा अरुंद, नेमक्या मापाच्या अखंड फळ्यांची जमीन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आज ज्याला ‘पारंपरिक सॉलिड फ्लोअरिंग’ म्हटले जाते, ते याच यंत्रांचे अपत्य आहे. त्याची परंपरा रेल्वेच्या इंजिनाहूनही तरुण आहे.

महाराष्ट्रातील वाड्यांनी याच प्रश्नाला अगदी निराळे उत्तर दिले, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. पेशवाईतील वाड्याच्या मजल्याला सागवानी तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर पाट असत. हाच कडीपाट. परंतु पाटांवर मातीचा जाड थर देऊन जमीन सारवली जाई. म्हणजे वाड्यात लाकूड पायाखाली दिसत नसे. ते डोक्यावर, खालच्या मजल्यावरून दिसे. पाटांमध्ये फट पडली तरी वर चालणाऱ्याला ती कळत नसे. पाट फुगले तरी माती ते सामावून घेई. सारवण भेगाळले तर पुढच्या सारवणाला भेग बुजे. उन्हाळ्यात मजला गार राही आणि वरच्या पावलांचा आवाजही खाली कमी येई. लाकडाने पृष्ठभाग व्हावे, अशी अपेक्षाच या बांधणीने ठेवली नव्हती. लाकडाने भार पेलावा, बाकीचे मातीने पाहावे.

अर्थात या व्यवस्थेलाही लाकूड भरपूर लागे. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली. त्यासाठी सागवान जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीहून आणला गेला. १८२८ साली वाड्याला आग लागली आणि ती अनेक दिवस धुमसत राहिली. आज जे उभे आहे ते तट, बुरूज, दरवाजे आणि दगडी जोती. कडीपाटाचे सर्व मजले नाहीसे झाले. लाकडी मजला म्हणजे काय हे पाहायचे असेल तर पुण्यातच सदाशिव पेठेतल्या, १९ व्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या विश्रामबागवाड्याकडे जावे लागते.

सागवानाची ओढ केवळ घरांसाठी नव्हती. १७१५ च्या सुमाराच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी स्पष्ट सूचना आहेत. राज्यातील सागवानासारखी झाडे हुकूम घेऊनच तोडावीत. कमी पडल्यास परमुलखातून विकत आणावीत. आंबा आणि फणस यांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन ते घ्यावे, असा त्यांचा आशय. हा मजकूर समाजमाध्यमांवर ‘शिवाजी महाराजांचे पत्र’ म्हणून सर्रास फिरतो. तो आज्ञापत्रातील आहे; महाराजांच्या धोरणाची छाया त्यात असली तरी ग्रंथ त्यांच्या निधनानंतरच्या काळातला आहे, एवढे भान असावे. लाकूड हा राज्याचा प्रश्न होता आणि त्याचा भार रयतेवर पडतो, हे त्या काळी कागदावर आले होते, ही बाब त्याने उणी होत नाही.

पुढे हाच सागवान समुद्रावर गाजला. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत पिढ्यानपिढ्या जहाजे बांधली. नेपोलियनच्या काळातील युद्धांनी ब्रिटनचे ओक आटत चालले, तेव्हा शाही आरमाराने मुंबईकडे पाहिले. ओकमधील टॅनिन लोखंडी खिळ्यांना गंजवते. सागवानातील तेलकट द्रव्ये खिळाही राखतात आणि कीडही दूर ठेवतात. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरवलेले ‘ट्रिंकोमाली’ हे मलबारी सागवानाचे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. अखंड लाकडाच्या बाजूने याहून भक्कम साक्ष मिळणे कठीण.

पण त्या साक्षीची दुसरी बाजू जंगलात आहे. मलबारचा सागवान इतक्या वेगाने संपला की १८४० च्या दशकात तेथील कलेक्टर कोनोली यांनी निलांबूर येथे सागाची लागवड सुरू करवली. तोडलेल्या झाडाच्या जागी मुद्दाम साग पेरावा लागणे, ही त्या काळच्या हिंदुस्थानात नवी गोष्ट होती. १८६४ साली डीट्रिच ब्रँडिस पहिले वनमहानिरीक्षक झाले. १८६५ आणि १८७८ चे वन कायदे आले. डोंगर ‘राखीव’ झाले. रेल्वेला स्लीपर हवे होते, आरमाराला फळ्या हव्या होत्या, आणि ज्यांच्या गुरांची चराई व सरपण त्या डोंगरांवर होते त्यांना कुंपणाबाहेर उभे केले गेले. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, १८८३ साली, जंगल खात्याच्या या जुलमावर कठोर टीका केली आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळ चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तो याच कहाणीचा पुढचा भाग. अखंड सागवानी फळीची किंमत ठरवताना हा हिशेब कोणत्याही पावतीवर येत नाही.

युरोप-अमेरिकेत दरम्यान थरांची कल्पना यंत्रांच्या हाती गेली होती. १७९७ साली सॅम्युएल बेंथम यांनी लाकडाचे पातळ पापुद्रे काढणाऱ्या यंत्रांच्या पेटंटमध्ये ते पापुद्रे डिंकाने एकावर एक चिकटवण्याचे वर्णन केले. १९ व्या शतकात फिरत्या ओंडक्यावर पाते टेकवून कागदाच्या गुंडाळीप्रमाणे पापुद्रा उलगडणारे लेथ आले. त्याचे श्रेय बहुधा आल्फ्रेड नोबेलचे वडील इमॅन्युएल नोबेल यांना दिले जाते. १९०५ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथील प्रदर्शनात तीन थरांच्या फळ्या मांडल्या गेल्या आणि दारे बनवणाऱ्यांनी त्या उचलून धरल्या. भारतात प्लायवूड प्रथम शिरले ते चहाच्या पेट्यांच्या रूपाने, आसामात.

अडचण लाकडाची उरली नव्हती, डिंकाची होती. प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासूनचा सरस पाण्यात विरघळे. दुधातील केसीनपासूनचा डिंक बरा असला तरी त्याला बुरशी धरे. १९३४ साली अमेरिकेत जेम्स नेव्हिन यांनी पूर्णपणे जलरोधक डिंक तयार केला आणि बाहेरच्या हवेत टिकणारे प्लायवूड शक्य झाले. डिंकाची खरी परीक्षा मात्र भारताच्या पावसाळ्यात व्हायची होती.

ब्रिटिशांचे ‘मॉस्किटो’ हे विमान नोव्हेंबर १९४० मध्ये प्रथम उडाले. बर्चच्या प्लायवूडच्या दोन थरांत हलके बाल्सा लाकूड, अशी त्याच्या धडाची रचना होती. फर्निचरचे कारखाने त्याचे भाग घडवत. ७,७८१ विमाने बांधली गेली. १९४४ च्या अखेरीस पूर्वेकडील आघाडीवर काही मॉस्किटो कोसळली. पहिला संशय केसीन डिंकावर गेला: उष्णतेने आणि पावसाळी दमटपणाने तो सुटला आणि पंखांचा वरचा पत्रा उचलला गेला. मेजर हेरवर्ड डी हॅविलंड यांच्या नेतृत्वाखाली चौकशी पथक भारतात आले. त्यांनी डिंकाला दोषमुक्त केले आणि पावसाळी हवेत सांगाडा आकसल्याचे कारण दिले. नंतरच्या तपासांनी तेही बाजूला सारले आणि बोट ठेवले ते सदोष बांधणीवर. सांधे नीट बसवलेले नव्हते, जोडपृष्ठे पुरती टेकत नव्हती. दरम्यान उत्पादनात केसीनऐवजी युरिया-फॉर्मल्डिहाइड डिंक आला होता. इंजिनिअर्ड वुडविषयी आजही जे तीन प्रश्न विचारावे लागतात, म्हणजे डिंक कोणता, हवा कशी आणि कारागिरी कोणाची, ते या एका चौकशीत एकामागून एक विचारले गेले. वैमानिकांनी त्यांची किंमत प्राणांनी मोजली.

त्याच वर्षांत स्वीडनमध्ये शांतपणे दुसरे काम चालले होते. नीब्रू गावात केर घराण्याचा लाकूडकामाचा कारखाना १८५७ पासून होता. स्वीडनच्या हिवाळ्यात घरे तापवली जातात, आतील हवा अत्यंत कोरडी होते, आणि ओकच्या अखंड फळ्या दर वर्षी फटी दाखवतात. गुस्ताफ केर यांनी १९४१ साली थरांच्या लाकडी जमिनीचे पेटंट घेतले. वर उंची लाकडाचा थर, मधे आडव्या बसवलेल्या मऊ लाकडाच्या पट्ट्या, खाली पुन्हा उभ्या तंतूंचा पातळ पापुद्रा. सक्काराचेच तत्त्व, फक्त खुंट्यांच्या जागी डिंक. आजच्या इंजिनिअर्ड फळीचा वंश बहुतांशी या रचनेकडे जातो.

डिंकाने एक प्रश्न सोडवला आणि दुसरा घरात आणला. फॉर्मल्डिहाइड वायू फळीतून हळूहळू बाहेर पडत राहतो. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकले. त्यानंतर अमेरिकेत कॅलिफोर्नियाने आणि पुढे संघराज्याने उत्सर्जनाच्या मर्यादा कडक केल्या. अखंड फळीवर हा आरोप कोणी करू शकत नाही, फार तर तिच्या पॉलिशवर.

जंगलाची बाजूही थरांच्या लाकडाला आपोआप माफ होत नाही. आसाम-अरुणाचलातील प्लायवूड गिरण्यांनी ईशान्येचे मोठे वृक्ष इतके ओरबाडले की १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात तिरप व चांगलांग जिल्ह्यांतील आणि लगतच्या पट्ट्यातील करवत, पापुद्रा व प्लायवूड गिरण्या बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतर उद्योगाचे वजन हरियाणातील यमुनानगरकडे आणि केरळातील पेरुंबावूरकडे अधिक झुकले. तेथे शेतकऱ्यांनी बांधावर लावलेला पॉप्लर, निलगिरी आणि रबराची जुनी झाडे कापली जातात. थर कशाचे आहेत हे विचारल्याशिवाय ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द पोकळच राहतो. ब्रह्मदेशी सागवानाचेही तसेच: म्यानमारने एप्रिल २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केली, तरी दुकानांत ‘बर्मा टीक’ ही पाटी दिसतेच.

आता पुन्हा दुकानातील दोन फळ्या. अखंड फळीच्या बाजूने पहिला युक्तिवाद असतो तो आयुष्याचा: ती घासून पुन्हा नवी करता येते. हे खरे आहे, पण ऐकू येते तितके नाही. २० मिलिमीटरच्या फळीत जिभेच्या वरचे सहा-सात मिलिमीटरच घासता येतात. त्याखाली सांधा उघडा पडतो. चार मिलिमीटरचा वरचा थर असलेली इंजिनिअर्ड फळीही एक-दोनदा घासता येते. अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा असलेली मात्र कधीच नाही, आणि दोन्ही एकाच नावाने विकल्या जातात. फरक खरोखर तेथे आहे. दुकानदाराला विचारायची पहिली गोष्ट वरच्या थराची जाडी, दुसरी मधल्या थरांचे लाकूड, तिसरी डिंकाच्या उत्सर्जनाची श्रेणी.

मुंबई-कोकणच्या हवेत, काँक्रीटच्या स्लॅबवर, बंद आणि कधी वातानुकूलित खोल्यांत रुंद ओकच्या अखंड फळ्या घालणे म्हणजे व्हर्सायच्या सुतारांना जे टाळायचे होते तेच ओढवून घेणे. तेथे थरांची फळी उजवी ठरते. सागवान असेल, फळ्या अरुंद असतील, त्या वलयांना काटकोनात कापलेल्या आणि पुरत्या वाळवलेल्या असतील आणि भिंतीलगत फट सोडणारा सुतार भेटला, तर अखंड जमीनही नांदते. आणि कोणतीही फळी निवडली तरी आपल्याकडील रोजचे ओल्या फडक्याने पुसणे तिला मानवत नाही. संगमरवर धुण्याच्या पाण्याने तुळया कुजल्या होत्या, ते पाणी अजून बदललेले नाही.

पुण्यात जुने वाडे पाडले जातात तेव्हा त्यांच्या तुळया वखारींत येतात. शंभर-दोनशे वर्षे वाळलेले ते सागवान क्वचितच हलते. अशा तुळईतून २० मिलिमीटरच्या अखंड फळ्या काढल्या तर एक खोली झाकली जाईल. तेच लाकूड चार मिलिमीटरने कापून रबराच्या किंवा पॉप्लरच्या थरांवर बसवले, तर करवतीची घट वजा जाता चार खोल्यांपर्यंत पुरेल. ज्या पाटांवर कधीकाळी सारवण होते, त्यांचा चेहरा अशा वेळी प्रथमच वरच्या बाजूने दिसतो.